दगडाचा पत्ता

तुळशीच्या लग्नात काही घरांत बाळकृष्ण नवरदेव असतो, तर काही घरांत शाळिग्राम. नेपाळमधल्या काली गंडकीच्या पात्रातून आलेल्या या काळ्याभोर गोट्यावरचे चक्र ही भाविकाच्या लेखी विष्णूची खूण आहे. भूशास्त्रज्ञाच्या लेखी तो ॲमोनाइट या समुद्री जीवाचा ठसा आहे. हिमालय उभा राहण्याच्या कितीतरी आधी तिथे समुद्र होता आणि त्याच्या तळाच्या गाळात हे शंख गाडले गेले. देव्हाऱ्यातल्या एका दगडात या दोन्ही गोष्टी भांडण न करता नांदतात. भांडण सुरू होते ते पुढच्या प्रश्नावर. असा दगड डोंगरात पडलेला दिसला, तर तो उचलून घरी आणावा का?

आधी त्या जीवाची ओळख करून घेऊ. ॲमोनाइटचा शंख गोगलगाईच्या शंखासारखा दिसतो, पण आतून तो वेगळा असतो. त्यात पडदे घालून केलेले कप्पे असतात. प्राणी राहायचा फक्त सर्वांत बाहेरच्या कप्प्यात. मागचे कप्पे त्याला पाण्यात तरंगायला मदत करत. त्याचे जवळचे नातेवाईक म्हणजे ऑक्टोपस आणि आपल्या मासळीबाजारात मिळणारे माकूल. काही जाती बोटाच्या पेराएवढ्या होत्या, तर जर्मनीत १८९५ मध्ये सापडलेल्या एका ॲमोनाइटचा व्यास पावणेदोन मीटरच्या आसपास भरतो. हा सगळा गोतावळा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरबरोबरच संपला. सह्याद्रीचे कडे ज्या लाव्हाचे बनले आहेत, तो लाव्हा त्याच सुमारास दख्खनवर पसरत होता. महाराष्ट्राचा बहुतेक भाग या लाव्हाच्या खडकाने झाकलेला आहे. त्यामुळे बहुसंख्य मराठी माणसांची ॲमोनाइटशी गाठ पडते ती देव्हाऱ्यात, नाहीतर पर्यटनाला गेल्यावर.

शास्त्रज्ञांना या शंखाचे एवढे मोल का, हे समजले की संग्रहाचा प्रश्नही नीट कळतो. ॲमोनाइट झपाट्याने बदलत गेले. एक जात येई, दूरदूरच्या समुद्रांत पसरे आणि भूशास्त्रीय हिशेबाने लवकरच नाहीशी होई. म्हणून एखाद्या थरात अमुक जात सापडली, की तो थर कोणत्या काळातला हे सांगता येते. अल्बर्ट ओपेल या जर्मन संशोधकाने १८५०च्या दशकात याच पद्धतीने जुरासिक काळाचे बारीक तुकडे पाडले. त्यांतले कित्येक तुकडे दहा लाख वर्षांपेक्षाही लहान आहेत. कोट्यवधी वर्षांच्या वहीची पाने लावण्यासाठी हे शंख पृष्ठक्रमांकासारखे उपयोगी पडतात.

पण पृष्ठक्रमांक पानावर असेल तरच कामाचा. फाडून खिशात घातला, तर तो नुसता आकडा. ॲमोनाइट कोणत्या थरात होता, त्याच्या वर-खाली काय होते, शेजारी कोणते शिंपले होते, ही माहिती दगडाच्या आत नसते. ती जागेत असते. थरातून काढलेला आणि नोंद न केलेला जीवाश्म सुंदर राहतो, पण त्याचा पत्ता हरवलेला असतो.

कच्छचे उदाहरण घ्या. तिथल्या जुरासिक थरांतले ॲमोनाइट जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहेत. फर्डिनंड स्टोलिझ्का यांनी १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे नमुने गोळा केले. विल्हेल्म वागेन यांनी त्यांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि पुढे १९२७ ते १९३३ या काळात एल. एफ. स्पाथ यांनी त्या सगळ्याची फेरमांडणी केली. कच्छमधल्या शंखांचे साम्य मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतल्या शंखांशी आहे. हे भूभाग एकेकाळी शेजारी होते आणि त्यांच्यामध्ये समुद्राची एक चिंचोळी पट्टी शिरत होती, हे सांगायला असे पुरावे कामी येतात. आज रणोत्सवाच्या निमित्ताने कच्छला आणि दुचाकीवरून स्पितीला जाणाऱ्यांत मराठी पर्यटक भरपूर असतात. स्पितीतले लांगझा हे गाव तर जीवाश्मांसाठीच ओळखले जाते. तिथे लहान मुले पर्यटकांसमोर तळहातावर ॲमोनाइट धरतात आणि थोड्या पैशांत सौदा होतो.

यात त्या मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. उन्हाळ्याचे चार महिने ज्यांची कमाई होते, त्यांनी पायाखालचा दगड विकू नये, असे सांगायचे तर दुसरी कमाई द्यायला हवी. गावातल्याच माणसाला वाटाड्या म्हणून पैसे द्यावेत, त्याच्याकडून थर पाहावेत आणि दगड तिथेच ठेवावा. एक शंख एकदाच विकता येतो, पण दाखवता येतो शंभरदा.

मग गोळा करणे हाच गुन्हा मानायचा का? तसेही नाही. जीवाश्मांचे विज्ञान हौशी माणसांनीच वाढवले आहे. इंग्लंडच्या लाइम रीजस या किनारी गावातली मेरी ॲनिंग (१७९९-१८४७) सुताराची मुलगी. कड्यातून निघणारे शंख आणि हाडे विकून ती घर चालवत असे. १८२३ मध्ये तिने प्लेसिओसॉरचा जवळजवळ पूर्ण सांगाडा शोधला. शिवाय, कड्यावरून घसरून पडलेला जीवाश्म कोणी उचलला नाही, तर लाटा आणि पाऊस त्याची माती करतात. म्हणूनच त्या किनाऱ्यावर आज सरसकट बंदी नाही, एक आचारसंहिता आहे. सुटा पडलेला जीवाश्म उचलावा, कड्यात परवानगीशिवाय खणू नये आणि महत्त्वाचा नमुना सापडला तर त्याची नोंद करावी. विश्वास आणि शिस्त यांची ही सांगड आपल्याकडेही बसू शकते.

आपल्याकडे केंद्र सरकारने भूवारसा स्थळे आणि अवशेषांच्या जतनासाठी कायद्याचा मसुदा डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. संरक्षण हवे यावर दुमत नव्हते. मात्र सर्व अधिकार एकाच सरकारी यंत्रणेकडे गेले तर विद्यापीठांतल्या अभ्यासकांची अडचण होईल, असा आक्षेप अनेक शास्त्रज्ञांनी घेतला. तो रास्त आहे. कायदा असा हवा, की जो व्यापाऱ्याला रोखेल, पण वही-पेन्सिल घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला पळवून लावणार नाही. खाणींचाही विचार त्यात हवा. तमिळनाडूतल्या अरियलूर भागात क्रिटेशियस काळातले ॲमोनाइट असलेला चुनखडक सिमेंटसाठी खणला जातो. पर्यटकाच्या पिशवीत चार दगड जातात, यंत्राच्या जबड्यात डोंगर जातो. खाणीत नवे थर उघडे पडतात तेव्हा अभ्यासकांना नोंदी करायला आत येऊ देणे ही अट घालणे काही अवघड नाही.

तोवर आपल्या हातात जे आहे, ते सोपे आहे. थरात रुतलेल्या जीवाश्माला हातोडा लावू नये. शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवून फोटो काढावा, मोबाइलवर जागेची नोंद करावी आणि काही वेगळे वाटले तर जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवावे. ठिसूळ कड्याखाली उभे राहू नये. दुकानात वा रस्त्यावर विकत घेऊ नये, कारण मागणी आहे म्हणून खणणे आहे. जिथे सुटे दगड उचलायला मनाई नाही, तिथे एखादा उचललाच, तर त्यासोबत गाव, जागा, थर आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. त्या चार ओळींमुळे शोकेसमधला दगड उद्या कुणाच्या अभ्यासाला उपयोगी पडू शकेल. सोळा कोटी वर्षे त्याने आपली जागा सोडली नव्हती. ती सोडायला आपण लावणार असू, तर निदान त्याचा पत्ता लिहून ठेवणे हे आपले देणे आहे.