वारा होता, वादळ नव्हतं!

विदर्भात नवतपा लागला की दोन गोष्टी नक्की असतात. एक म्हणजे दुपारी घराबाहेर पडायचं नाही. दुसरी म्हणजे एखाद्या संध्याकाळी आभाळ काळं होऊन असा काही वारा सुटणार, की कुणाच्या तरी मिलचे टिनपत्रे शेजारच्या बांधीत जाऊन पडणार. हे सगळं अर्ध्या तासात आटोपतं. त्यानंतर विम्याचा क्लेम सुरू होतो, तो मात्र आटोपता आटोपत नाही.

आजचा लेख त्या क्लेमवर आहे. आधीच सांगून ठेवतो, दोन्ही बाजू तोलून वगैरे लिहिलेला नाही.

गोंदिया तालुक्यातलं आमच्याकडचं दवनीवाडा घ्या. सगळा धानाचा पट्टा. धानामागे राईस मिल, मिलमागे बँकेचं सीसी कर्ज, आणि कर्जामागे विमा. तिथला एक छोटा मिलवाला कल्पून घेऊ. शेडचे पत्रे गेले, वरून पाऊस, खाली धानाची पोती, शेजारी मोटर आणि पॉलिशर. नुकसान नऊ लाख. काही आठवड्यांनी कंपनीचं इंग्रजी पत्र येतं. गावात 'कंप्युटरवाला' म्हणून ओळख असली की अशी पत्रं व्हॉट्सअॅपवर आपल्याकडे येतात, "भाऊ, जरा वाचून सांगजो ना, काय म्हणते ते" या निरोपासकट. पत्रं वेगवेगळ्या कंपन्यांची असतात, पण आतला मजकूर एकाच साच्यातला. तो साचा उघडून बघू.

कारण पहिलं : वारा होता, वादळ नव्हतं. वेधशाळेच्या नोंदीत त्या दिवशी वाऱ्याचा वेग कमी होता, सबब हे 'स्टॉर्म' नव्हे. ऐकायला शास्त्रीय वाटतं. ब्यूफोर्ट मापनश्रेणीत 'स्टॉर्म' ताशी ८९ किलोमीटरपासून पुढे धरतात हे खरंच आहे. पण महाराज, पॉलिसीत ब्यूफोर्टचं नाव कुठे आहे? आपल्याकडच्या फायर पॉलिसीच्या प्रमाणित मजकुरात स्टॉर्म, सायक्लोन, टेम्पेस्ट, टॉर्नॅडो अशी नुसती शब्दांची माळ आहे, वाऱ्याच्या वेगाचा आकडा नाही. जो आकडा विकताना नव्हता तो पैसे देताना कुठून आला? पॉलिसीचा शब्द संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावायचा, हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने चंदुमल जैन खटल्यात १९६६ सालीच मान्य केलेलं आहे.

शिवाय उन्हाळी वादळ म्हणजे काही समुद्रावरचं चक्रीवादळ नव्हे. ढगातून खाली आदळणारा झोत एखाद-दोन किलोमीटरच्या पट्ट्यात धुमाकूळ घालून जातो. गोंदियाच्या वेधशाळेला त्याचा पत्ताही लागत नाही. तिथल्या शांततेवरून दवनीवाड्यातली शांतता सिद्ध करणं म्हणजे नागपूरच्या सर्व्हरवर चालतंय म्हणून ग्राहकाच्या मशीनवरचा बग खोटा ठरवणं. आमच्या धंद्यात असं बोलणाऱ्याला चहाला पण कोणी बोलवत नाही.

कारण दुसरं : पत्रे जुने होते, झीज झाली होती. जुने असतील. पण जुना पत्रा कालपर्यंत जागेवर होता ना? छतावरून वेगाने जाणारा वारा पत्रा वर ओढतो, उघड्या बाजूने आत शिरलेला वारा त्याला खालून ढकलतो. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. बोल्टला गंज होता हे खरं मानलं तरी गंज काही त्याच संध्याकाळी लागला नव्हता. वय झालं म्हणून घसारा कापणं वेगळं, आणि वय झालं म्हणून वादळच नाकारणं वेगळं. पत्रात या दोन्हीची भेळ केलेली असते.

कारण तिसरं : विमाच कमी रकमेचा होता. हे सगळ्यात हुशार कारण आहे, कारण यात गणित आहे आणि गणितापुढे आपला माणूस गप्प बसतो. मालमत्ता साठ लाखांची, विमा चाळीस लाखांचा, म्हणजे दोन तृतीयांश. मग नऊ लाखांच्या नुकसानीचे मिळणार सहा लाख. नियम म्हणून हे पॉलिसीत आहे, मान्य. पण दोन गोष्टी तपासा. १ एप्रिल २०२१ पासून एका जागी पाच कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या उद्योगांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आली. तिच्यात विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडला तर ही कपात करताच येत नाही. दुसरं म्हणजे ते साठ लाख आले कुठून? कपात काढताना शेडची किंमत नव्याच्या भावाने धरायची, आणि भरपाई देताना त्याच शेडला घसारा लावून जुन्याच्या भावाने मोजायचं, असा दुहेरी तराजू लावलेला असू शकतो. दोन्हीकडे एकच माप लावा म्हणावं, बघा आकडा कसा हलतो ते.

आणि विमा कमी रकमेचा काढला कुणी? बऱ्याचदा बँकेनं. प्रीमियम सीसी खात्यातून परस्पर वळता होतो, विमा कर्जाच्या रकमेइतका निघतो, पॉलिसी बँकेच्या कपाटात राहते. बँकेचं कर्ज सुरक्षित, मिलवाला वाऱ्यावर. त्यात आमच्याकडची खास भानगड म्हणजे भरडाई. मार्केटिंग फेडरेशनचं किंवा आदिवासी विकास महामंडळाचं सरकारी धान मिलमध्ये येतं, आणि क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ परत द्यायचा असतो. धान भिजलं तरी हिशेब मिलवाल्याच्या मानेवर. पण दुसऱ्याच्या मालकीचा, आपल्या ताब्यात ठेवलेला माल फायर पॉलिसीत स्पष्ट लिहून घेतला नसेल तर तो धरतच नाहीत. गोंदिया जिल्ह्यात राईस मिलला पॉलिसी विकताना "सरकारी धान असतं का?" एवढं न विचारणं म्हणजे दवाखाना काढून ताप न मोजणं!

आता सगळ्यात घातक कागद. पत्रासोबत एक व्हाउचर येतं, 'फुल अँड फायनल'. सही करा, मग पैसे. हंगाम तोंडावर, बँकेचं व्याज चालू, शेड उघडं. माणूस सही करतो आणि आता सगळं संपलं असं समजतो. तसं नाही. अजमेर सिंग कॉटन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितलं की, फसवून किंवा दबावाखाली घेतलेली अशी सही हक्क बुडवत नाही. विमा नियामकानेही २०१५ मध्ये कंपन्यांना या व्हाउचरचा ढालीसारखा वापर करू नका असं बजावलं. मात्र दबाव होता हे आपल्यालाच दाखवावं लागतं. म्हणून सही करावीच लागली तर त्याच दिवशी लेखी कळवा की रक्कम निषेध नोंदवून घेतली आहे, उरलेल्या रकमेचा दावा कायम आहे.

सर्व्हेअरचा रिपोर्ट म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हेही न्यायालयाने प्रदीप कुमार खटल्यात २००९ मध्ये म्हटलेलं आहे. रिपोर्टची प्रत मागा. कपातीचा प्रत्येक आकडा कुठून आला ते विचारा. आपला पुरावा उभा करा : त्याच संध्याकाळचे फोटो, तलाठ्याचा पंचनामा, महावितरणकडून लाइन किती वाजता बंद पडली त्याची नोंद, शेजाऱ्यांच्या पडलेल्या झाडांचे फोटो. महसूल मंडळ पातळीवर 'महावेध'ची स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, त्यांची आकडेवारी गोंदियाच्या वेधशाळेपेक्षा जवळची. आणि कागद अपुरे आहेत एवढ्यासाठीच क्लेम फेटाळायचा नाही, असं नियामकाने २०२४ मध्ये बजावलेलं आहे.

"पण आम्ही पडलो व्यापारी, ग्राहक कोर्टात आम्हाला कोण उभं करतो?" हा प्रश्न हमखास येतो, आणि कंपनीचे वकीलही हेच म्हणतात. हा मुद्दा निकालात निघालेला आहे. गुजरातमधल्या २००२ च्या दंगलीत नुकसान झालेल्या हरसोलिया मोटर्सच्या प्रकरणात राष्ट्रीय आयोगाने २००४ मध्ये, आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सांगितलं की, विमा नुकसान भरून काढण्यासाठी घेतात, नफ्यासाठी नाही, म्हणून विमा घेणारा व्यापारीही ग्राहकच. २०१९ च्या कायद्याखाली कुठल्या आयोगात जायचं हे भरलेल्या प्रीमियमवर ठरतं, नुकसानीवर नाही. त्यामुळे तक्रार गोंदियाच्याच जिल्हा आयोगात होते, आणि प्रीमियम पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षांची. एकट्याच्या मालकीचा किंवा सूक्ष्म उद्योग असेल तर विमा लोकपालही आहे. तिथे पन्नास लाखांपर्यंत, वकिलाशिवाय, फुकट. कंपनीकडे आधी लेखी तक्रार करायची आणि नकारानंतर एका वर्षाच्या आत जायचं, एवढीच अट.

दुसऱ्या बाजूचं एक म्हणणं खरं आहे. लोक क्लेम फुगवतात. दहा पोती भिजली तर पन्नास लिहितात. पण त्याचं औषध म्हणजे नीट मोजणी. सगळेच चोर आहेत असं धरून सरसकट तिसरा हिस्सा कापला, तर खरं लिहिणाराच मरतो, फुगवणाऱ्याला त्याचा हिस्सा बरोबर मिळतो. असा हिशेब चालवणारी कंपनी स्वतःच खोट्या क्लेमची शाळा चालवत असते.

आणि हो, वेळ लागतो. हरसोलियाच्या लोकांना तक्रार चालू शकते एवढंच ठरायला २०२३ उजाडलं, मूळ हिशेब तेव्हाही बाकीच होता. कंपन्यांचा सगळा भरवसा आपल्या याच कंटाळ्यावर आहे. नऊ लाखांच्या जागी सहा देऊन सोडलेले तीन लाख आपल्याला एकदाच दिसतात, कंपनीला मात्र ते दर वादळात, दर गावात दिसतात. प्रत्येक गावातून एकाने जरी कागद परत पाठवला, तरी पुढचं पत्र लिहिणाऱ्याचा हात थोडा अडखळेल.

तर मिलवाल्या मंडळींनी एवढंच करावं. वारा सुटायच्या आधी बँकेतून पॉलिसीची प्रत आणावी, रक्कम बघावी, सरकारी धानाचा उल्लेख आहे का ते बघावं. उद्या रविवार आहे, बँक बंद. सोमवारी जा.