कॅसेटमधली रेवा

होस्टेलच्या आम्ही सहाजणी गेल्या मे महिन्यात नाशिकला भेटलो. कुणाचे केस पांढरे, कुणाचा गुडघा दुखरा, एकीला तर सूनही आली. जेवणं झाल्यावर जळगावच्या मैत्रिणीने पर्समधून एक कॅसेट काढून टेबलावर ठेवली आणि आम्ही अशा काही ओरडलो की पलीकडच्या टेबलावरच्या आजोबांचा चहा बशीत सांडला. कॅसेट होती ‘कंदीसा’. इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडची, २००० साली आलेली.

ज्यांना हे नाव नवीन असेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. ‘ब्लॅक फ्रायडे’ सिनेमातलं ‘बंदे’ हे गाणं आठवतं ना? सिनेमा २००७ साली प्रदर्शित झाला आणि ते गाणं सगळीकडे पोचलं. तोच हा बँड. सुष्मित सेनची गिटार, असीम चक्रवर्तीचा तबला आणि गाणं, राहुल रामचा बास गिटार आणि त्याचाही आवाज, अमित किलमचे ड्रम्स. त्याआधी आम्हा मुलींच्या लेखी बँड म्हणजे युफोरियाचं ‘धूम पिचक धूम’ किंवा सिल्क रूटचं ‘डूबा डूबा’. टीव्हीवर लागायचं, आवडायचं, महिन्याने दुसरं लागायचं. रॉक म्हणजे लांब केसांची मुलं आरडाओरडा करतात ते, अशी माझ्या वडिलांची व्याख्या होती आणि तोवर माझीही जवळपास तीच.

कॅसेट प्रथम आणली ती मीच, हे मी त्या दिवशी पुन्हा एकदा ठासून सांगितलं. पुण्याच्या मावसभावाने वॉकमनवर ऐकवली आणि मी दुसऱ्या दिवशी दुकान गाठलं. एसटीच्या पाससाठी बाबांनी दिलेले पैसे त्यात गेले आणि तो महिनाभर मी कॉलेजला पायी जात होते. जळगाववालीचं म्हणणं, मी माझी कॅसेट कुणाला हात लावू देत नसे, म्हणून तिला स्वतःची घ्यावी लागली. (खोटं आहे. पेन्सिलीने रीळ गुंडाळायला मी तिलाच द्यायचे.) तिसरीने कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतली होती, तिच्या कॅसेटमध्ये मध्येच मेसच्या घंटेचा आवाज यायचा. आजही मूळ गाणं ऐकताना त्या जागी घंटा वाजली नाही की तिला चुकल्यासारखं वाटतं.

तेव्हा आम्ही वेड्या होतो त्या शीर्षकगीतासाठी. ‘कंदीसा’ हे केरळमधल्या सिरियन ख्रिश्चनांच्या प्राचीन प्रार्थनेवर बेतलेलं गाणं. भाषा अरामाईक घराण्यातली. शब्दाचा अर्थ कुणाला ठाऊक नव्हता, पण आम्ही सगळ्या डोळे मिटून म्हणायचो. रेक्टरबाईंनी एकदा दारात उभं राहून विचारलं, “हे कुठलं स्तोत्र गं?” एका मुलीच्या आईने मात्र पोरगी बाटली की काय म्हणून सुट्टीत बरंच झापलं होतं. ‘हिल्ले ले’ वर तर आम्ही गॅदरिंगला नाचलो. ते गोरख पांडे या कवीचं, कष्टकऱ्यांच्या चळवळीतलं गाणं आहे हे मला कळलं ते पंधराएक वर्षांनी. आम्ही त्यावर आरशाच्या टिकल्यांचे घागरे घालून नाचलो होतो!

पुन्हा ऐकल्यावर काय वाटतं, यावर आमचं टेबलावर चांगलंच वाजलं. एक म्हणाली, गाणी फार लांबतात, आता एवढा दम नाही. दुसरी म्हणाली, असीमचा आवाज तेव्हा आपण गृहीतच धरला. तो २५ डिसेंबर २००९ ला गेला, पुढे २०१३ साली सुष्मित सेन बाहेर पडला. बँड आजही आहे, चांगला वाजवतो, पण त्या चौघांचं एकमेकांत मिसळणं या कॅसेटमध्ये जसं सापडतं तसं पुन्हा नाही, असं तिचं मत. मलाही ते पटतं. तबला आणि ड्रम्स एकमेकांच्या अंगावर न जाता शेजारी शेजारी चालतात, घरातल्या दोन कर्त्या बायकांसारखे.

पण माझं स्वतःचं भांडण आहे ते ‘मा रेवा’ या गाण्याशी. तिथे मी काही बोलले नाही. तेच आज लिहिते आहे.

मी शहाद्याची. शहादा म्हणजे नंदुरबार जिल्हा, उत्तरेला सातपुडा आणि सातपुड्याच्या पलीकडे नर्मदा. सरदार सरोवर धरणात महाराष्ट्राची ३३ गावं बुडाली, ती सगळी आमच्याच जिल्ह्याची, अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली. माझ्या शाळेच्या वर्षांत तिथल्या बाया शहाद्यात, धुळ्यात मोर्चाने यायच्या. डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर. आणि आमच्या घरी मोर्चा म्हणजे काय, तर आज एसटी बंद. बाबा वैतागायचे, आई म्हणायची दूध येणार नाही, आणि आमची शाळा लवकर सुटायची म्हणून मला आनंद व्हायचा. त्या बाया कुठल्या, का आल्या, हे आमच्या घरात कुणी कधी विचारलं नाही. मीही नाही.

आणि मग वीस वर्षांच्या मला नर्मदा आवडायला लागली, ती दिल्लीच्या एका बँडच्या कॅसेटमुळे!

‘मा रेवा’ हे नर्मदाकाठचं लोकगीत. राहुल राम हा नव्वदच्या दशकात नर्मदा बचाव आंदोलनात काही वर्षं काम करून आलेला. गाणं असं धावतं की पाय ठेका धरतातच. ज्या २००० साली मी त्या ठेक्यावर होस्टेलच्या गच्चीत गिरक्या घेत होते, त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने धरणाचं काम पुढे न्यायला परवानगी दिली. पेपर मेसच्या टेबलावर पडलेला होता. बातमी मी वाचलीसुद्धा. वाचून वर खोलीत गेले आणि कॅसेट लावली. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कलाशाखेची विद्यार्थिनी, वर्गात पहिली येणारी!

आपल्या मराठी घरांत नर्मदा येते ती परिक्रमेच्या वाटेने. गो. नी. दांडेकरांचं ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आमच्या घरी होतं, पुढे जगन्नाथ कुंट्यांचं ‘नर्मदे हर हर’ हातोहात फिरलं. परिक्रमेच्या वर्णनांत हा आमचा भाग शूलपाणीची झाडी म्हणून भेटतो, आणि तिथले भिल्ल परिक्रमावासींना लुटणारे म्हणून. एवढीच त्यांची ओळख. पुढे त्या झाडीतलं कुणाचं काय लुटलं गेलं, ते पुस्तक वाचून कळणारं नव्हतं.

लग्न होऊन मी तळोद्याला आले. मुलं शाळेत जायला लागल्यावर बचत गटाच्या आणि आरोग्याच्या कामासाठी पुनर्वसन वसाहतींत जाऊ लागले. तळोदा तालुक्यात या वसाहतींना नावं आहेत रेवानगर, नर्मदानगर. पाटी वाचली त्या दिवशी मी गाडीतच बसून राहिले. नाव नदीचं, आणि नदी राहिली डोंगरापलीकडे. इथे बाया हापशावर रांगेत.

त्यानंतर ‘मा रेवा’ मला ऐकवेना. चीड यायची. इतकं आनंदी कसं गाऊ शकतं कुणी? माणसं बुडताहेत आणि तुम्ही ठेका धरताय? कॅसेट मी लोखंडी कपाटाच्या तळाशी टाकली. घरात कुणी ते गाणं लावलं तर उठून जायचे. सात-आठ वर्षं गेली अशी. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते, त्या रागातला बराचसा स्वतःवरचा होता. बँडवाले निदान खोऱ्यात जाऊन आले होते. मी शहाद्याची, मी कुठे गेले होते?

वसाहतीतल्या एका मावशींनी मला एकदा गप्प केलं. रक्षाबंधनाला मी माहेरी जाणार म्हणून मीटिंग पुढे ढकलली होती. त्या त्यांच्या भाषेत बोलतात, मी आपल्या मराठीत सांगते. म्हणाल्या, “ताई, तुमचं बरं आहे. गाडीत बसलात की माहेर. माझं माहेर पाण्यात आहे, सासरही पाण्यात आहे.” घर सोडणं हे आपल्यापैकी बहुतेकींनी एकदा केलेलं असतं, म्हणून आपल्याला वाटतं आपल्याला ते कळतं. पण आपण सोडलेलं घर आपल्यामागे उभं असतं. आई गेली तरी भिंती असतात, अंगणातला पारिजातक असतो, गल्लीत कुणीतरी “कधी आलीस?” विचारणारं असतं.

कागदावरही बघा. नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात सज्ञान मुलगा हा वेगळं कुटुंब धरला गेला, म्हणजे त्याला वेगळी जमीन. सज्ञान मुलगी त्या कलमात नव्हतीच. ती कुणाच्या तरी घरी जाणार, हे गृहीत. नदी, जमीन, घर यांचा हिशेब मांडताना ती जिथे जाणार तेही बुडणार असेल, हा विचार कुणी केला असेल असं मला वाटत नाही. बचत गटात कर्जासाठी सातबारा मागितला की आजही बाया एकमेकींकडे बघतात.

२०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण भरला. सुमारे २१४ किलोमीटर लांबीचं ते पाणी. त्या हिवाळ्यात आम्ही धडगावकडून वर गेलो होतो, तिथून दिसलं. सुंदर दिसतं, खोटं कशाला बोलू. निळंशार, अगदी गप्प. आणि तिथे उभं असताना, इतक्या वर्षांनी, माझ्या डोक्यात ते गाणं आपोआप सुरू झालं. तोच धावता ठेका. तेव्हा मला कळलं की मी ज्या आनंदावर चिडत होते, तो वाहत्या नदीचा आहे. काठावर राहणाऱ्यांनी, काठाने चालणाऱ्यांनी नदी वाहत असताना म्हटलेलं ते गाणं. त्याने रडावं अशी माझी अपेक्षा होती, कारण रडणं ऐकलं की आपल्याला काहीतरी केल्यासारखं वाटतं. आता वाटतं, त्या चौघांनी ते रडवं केलं नाही ते योग्यच केलं. पाणी कसं धावत होतं हे आज ऐकायचं असेल तर ते त्या गाण्यात आहे. समोरच्या पाण्यात नाही.

नाशिकहून परतल्यावर मी लेकीच्या फोनवरून अख्खा ‘कंदीसा’ पुन्हा ऐकला. ती म्हणाली, “आई, एवढं मोठं गाणं? मध्ये तर काही म्हणतच नाहीत.” ज्या गाण्याबद्दल ती बोलत होती ते ‘लीव्हिंग होम’. घर सोडताना. शब्दांवर उभं नसलेलं, वाद्यांचं. होस्टेलमध्ये आम्ही ते सरळ पुढे ढकलायचो, बॅटरी वाया नको म्हणून. आता मला त्या कॅसेटमधलं हे सगळ्यात खोल वाटतं. गिटार एखादं वळण घेते, थांबते, पुन्हा मागे येते. दाराला कुलूप लावून दोन पावलं गेल्यावर आपण परत येऊन कडी ओढून बघतो, तसं.

पुढच्या मीटिंगला मी फोन घेऊन गेले. त्या मावशींना आणि इतर जणींना म्हटलं, ऐका, तुमच्या नदीचं गाणं आहे. ‘मा रेवा’ लावलं. दोघी हसल्या, एकीने टाळी धरली. मावशी म्हणाल्या, “हे परिक्रमावाल्यांचं. काठाने जायचे ते. आम्ही त्यांना पीठ द्यायचो.” मला शूलपाणीच्या झाडीची वर्णनं आठवली, पण बोलले नाही.

मग ‘लीव्हिंग होम’ लावलं. नावाचा अर्थ सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, पदराने फोनच्या काचेवरची धूळ पुसली आणि म्हणाल्या, “घर सोडताना असं वाजत नाही, ताई. भांडी वाजतात. ट्रकमध्ये खाली भांडी, वर घराची लाकडं, त्यावर कोंबड्या. रस्ताभर भांडीच वाजत होती.”

कुणी काही बोललं नाही. मी फोन बंद करायला लागले तर म्हणाल्या, “ते मघाचं लाव. पाण्याचं.”

लावलं. दोनदा लावलं. हप्त्यांचा हिशेब त्या दिवशी राहूनच गेला.