सरकार पडेल, लोकसभा नाही

४ जून २०२४ रोजी भाजप २४० जागांवर अडला आणि त्याच संध्याकाळी भाकितांना ऊत आला. हे सरकार वर्षभर टिकत नाही, मध्यावधी अटळ. युक्तिवाद वरवर बिनतोड आहे: बहुमत कोणालाच नाही, मित्रपक्ष रुसणार, पाठिंबा काढणार, सरकार कोसळणार, निवडणुका लागणार. यातली शेवटची पायरीच मला मान्य नाही. सरकार पडले म्हणजे लोकसभा विसर्जित झाली, असे होत नाही.

१९९१ साली काँग्रेसलाही बहुमत नव्हते. नरसिंह रावांनी जुलै १९९३ मध्ये अविश्वास ठराव २६५ विरुद्ध २५१ मतांनी परतवला (कसा, ते पुढे झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांच्या लाचप्रकरणात देशाला कळले) आणि पाच वर्षे पुरी केली. २००४ मध्ये काँग्रेसकडे जेमतेम १४५ जागा होत्या. २००८ साली अणुकरारावरून डाव्यांनी पाठिंबा काढला, समाजवादी पक्ष धावून आला आणि निवडणूक ठरल्या वेळीच झाली. उलट १९७७ च्या जनता पक्षाला स्वबळावर बहुमत होते. तरी जानेवारी १९८० मध्ये मतदार पुन्हा रांगेत उभे होते.

आपल्याकडचे ताजे उदाहरण तर याहून बोलके. २०१९ च्या विधानसभेने राष्ट्रपती राजवट पाहिली, पहाटेचा शपथविधी पाहिला, महाविकास आघाडी पाहिली, मग शिंदे सरकार पाहिले. दोन मोठे पक्ष उभे फुटले. मध्यावधीच्या आरोळ्या दर सहा महिन्यांनी उठत होत्या. निवडणूक मात्र झाली ती मुदत संपताना, नोव्हेंबर २०२४ मध्येच. एवढ्या उलथापालथीत जनतेकडे परत जाऊ, असे मनापासून वाटणारे आमदार किती होते, हे विचारण्यात अर्थ नाही. एकदा निवडून आलेल्याला पुन्हा मतदारापुढे जाण्याची हौस नसते.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे १९९६, १९९८ आणि १९९९. साडेतीन वर्षांत तीन लोकसभा निवडणुका! आक्षेप वजनदार आहे, पण तेव्हाच्या सरकारांची बांधणी पाहा. देवेगौडांच्या जनता दलाकडे ४६ खासदार होते आणि बाहेरून पाठिंबा देणाऱ्या काँग्रेसकडे १४०. त्याआधी चंद्रशेखरांचे साठेक खासदार राजीव गांधींच्या १९७ जणांच्या पक्षावर विसंबून होते; हरयाणाच्या दोन पोलिसांनी पाळत ठेवल्याचे निमित्त झाले आणि मार्च १९९१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. चरणसिंगांना तर इंदिरा गांधींनी लोकसभेला सामोरे जाण्याइतकाही अवधी दिला नाही. टेकू घरापेक्षा जड असला की हे होणारच. सत्तेबाहेर राहून सत्ता वापरणाऱ्या मोठ्या पक्षाला निवडणुकीची भीती नसते, उलट तिची घाई असते. खरा धोका इथे आहे, त्रिशंकू आकड्यात नाही.

एक उदाहरण या मांडणीत बसत नाही, तेही सांगितले पाहिजे. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी एका मताने हरले आणि त्यांना पाडणाऱ्या अण्णाद्रमुककडे होते फक्त १८ खासदार. पण तेव्हाही निवडणूक लागली ती सरकार पडले म्हणून नव्हे. पाडण्यासाठी एकत्र आलेल्या २७० जणांना पर्यायी नेता ठरवता आला नाही. सोनिया गांधींना मुलायमसिंहांनी नकार दिला, म्हणून लागली.

आणि मुदतीआधी लोकसभा बरखास्त करण्याचा मोह बहुधा दुबळ्यांना होत नाही. डिसेंबर १९७० मध्ये इंदिरा गांधींनी ती बरखास्त केली, कारण जिंकू अशी खात्री होती. जिंकल्याही. २००४ मध्ये वाजपेयी सरकारने तीन राज्ये जिंकल्याच्या जोशात तेच केले आणि सत्ता घालवली.

आता २०२४ चे गणित. रालोआचे २९३, त्यातून तेलुगू देसमचे १६ आणि जदयूचे १२ गेले, तर उरतात २६५. हे दोन्ही पक्ष बाहेरून टेकू देणारे नाहीत, मंत्रिमंडळात बसलेले आहेत आणि सरकारमधल्या मुख्य पक्षाहून कितीतरी लहान आहेत. शिवाय दोघेही एकाच दिवशी, एकाच कारणाने निघतील, हे गृहीत धरावे लागते. धरले, तरी बहुमताला तूट पडते सात खासदारांची. ती भरून काढण्याच्या वाटा नरसिंह रावांच्या काळापासून दिल्लीला ठाऊक आहेत. त्या साऱ्या सभ्य आहेत, असा माझा दावा नाही.