वाइनच्या द्राक्षाचा मांडव घालण्याआधी



आष्टी-पाटोद्याकडच्या बैठकांत अलीकडे तरुण मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. "साहेब, अकलूजकडे वाइनच्या द्राक्षांच्या बागा उभ्या राहिल्या. पाऊस तिकडेही बेताचाच. मग आपल्याकडे का नको?" प्रश्न रास्त आहे. वाइन प्यावी की न प्यावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. आपण पिकाचा हिशेब पाहू.

वाइनचे नाव निघाले की लोकांना फ्रान्स आठवतो. आपल्या राज्यात हा धंदा 1980 च्या दशकात नारायणगावला रुजला. नाशिकच्या सुला कारखान्याची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली. 2001 साली सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले आणि विंचूर व पलूस येथे वाइन पार्क झाले. पुढे माळशिरस तालुक्यात इटलीच्या भागीदारांबरोबर फ्रातेल्लीच्या बागा लागल्या. म्हणजे अनोळखी मुलखातही हे पीक येते, यात शंका नाही. अडचण आहे ती विक्रीची.

आपण खातो ते थॉमसन द्राक्ष बिनबियांचे. व्यापाऱ्याने भाव पाडला तर त्याचा बेदाणा करता येतो. वाइनच्या शिराझ, कॅबरने, शेनिन ब्लाँक या जातींचा मणी लहान, साल जाड आणि आत बिया. ही द्राक्षे बाजारात खपत नाहीत आणि त्यांचा बेदाणाही होत नाही. साखर साधारण 22 ते 24 ब्रिक्सवर आली की चार-आठ दिवसांत तोडणी व्हावी लागते. गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे कारखाना. त्याने पाठ फिरवली की घड वेलीवरच सुकायचे.

हे प्रत्यक्ष घडलेले आहे. 2008 च्या जागतिक मंदीनंतर काही कारखाने अडचणीत आले. माल उचलला गेला नाही, पैसे अडकले. अनेक शेतकऱ्यांनी उभ्या बागांवर कुऱ्हाड चालवली.

आता जरा दूरचे उदाहरण पाहू. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या पठारावर लबक हे गाव आहे. पाऊस बीडपेक्षा कमी, पीक कापसाचे, आणि जमिनीखालचे पाणी वर्षानुवर्षे खोल चाललेले. कापसापेक्षा द्राक्षाला पाणी कमी लागते, म्हणून तिथल्या काही शेतकऱ्यांनी वेली लावल्या. 1976 साली लबकजवळ वाइनचा कारखाना निघाला. मात्र शेजारच्या कापसावर मारलेले तणनाशक वाऱ्याबरोबर बागांवर येऊ लागले. नुकसान झालेले बागायतदार 2021 मध्ये रसायन कंपन्यांविरुद्ध न्यायालयात गेले. आपल्याकडे उसात, ज्वारीत टू-फोर-डी मारतात. त्याचा नुसता वारा लागला तरी द्राक्षाची पाने आकसतात. बांधाला बांध लागून असलेल्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

त्याच टेक्सासने आपल्याला एक देणगीही दिली आहे. आपल्या द्राक्षबागांतला डॉगरिज खुंट मूळचा तिथल्या रानवेलीचा. तो खारवट जमीन आणि पाण्याचा ताण सोसतो. मन्सन नावाच्या टेक्सासच्या माणसाने असे रानटी वेल धुंडाळले. मुळे खाणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा बसल्या, तेव्हा अमेरिकी खुंटांवर कलमे करूनच त्या सावरल्या. फ्रान्सने 1888 साली मन्सनचा गौरव केला.

तेव्हा ज्यांना हे पीक घ्यायचेच आहे, त्यांनी चार गोष्टी कराव्यात.

एक, खड्डे खणण्याआधी कारखान्याशी लेखी करार करावा. दर, साखरेची प्रत, माल उचलण्याची मुदत, वाहतूक कोणाची आणि पैसे किती दिवसांत, हे सारे त्यात हवे. मांडव पंधरा वर्षांचा आणि करार एका वर्षाचा, असे नको.

दोन, त्या कारखान्याला तीन वर्षे माल घालणाऱ्या शेतकऱ्याला भेटावे. पैसे वेळेवर मिळाले का, एवढेच विचारावे.

तीन, उन्हाळ्यात विहिरीला किती पाणी राहते ते मोजावे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नवी फूट पाण्यावाचून चालत नाही. टँकरच्या भरवशावर बाग लावू नये.

चार, माती आणि पाणी तपासूनच जात व खुंट ठरवावा. पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथला सल्ला घ्यावा. वाइन घरी गाळता येत नाही; त्याला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो.

शेवटी एक सांगतो. नाशिकच्या कारखान्यांनी नुसती वाइन विकली नाही. गिऱ्हाइकाला बागेत आणले, पीक दाखवले, चव दिली आणि गावाचे नाव बाटलीवर छापले. ही युक्ती शिकायला वेल लावावी लागत नाही. बालाघाटच्या डोंगरातले आपले सीताफळ बीडच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळवून बसले आहे. तरी आपण ते रस्त्यावर पाटीने, पडेल त्या भावात विकतो. गावातल्या दहा घरांनी एकत्र येऊन प्रतवारी केली, पेटीवर गावाचे नाव घातले आणि पिकलेल्या फळाचा गर काढून ठेवला, तर या हंगामातच फरक दिसेल. द्राक्षाच्या पहिल्या पिकाला दोन वर्षे थांबावे लागते. सीताफळ तर डोंगरावर उभेच आहे.