बागुलबुवा खराखुरा असतो तेव्हा...

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये दोन-तीन वर्षांच्या पोरानं भोकाड पसरलं की आपण मोबाईल हातात देऊन मोकळे होतो. तेच पोर शनिवार-रविवारी जुन्नर-आंबेगावकडे गावी नेलं आणि जेवताना त्यानं लोळण घेतली, की आजी, आत्या, काका यांच्यापैकी कुणीतरी हमखास म्हणतं, "गप जेव, नाहीतर बिबट्याला देऊन टाकीन!" पोर गप्प होतं. सगळे हसतात. आणि एरवी पेरेंटिंगवर तासभर बोलणारे आपणही हसतो.

माझं म्हणणं सरळ आहे. निदान या भागात तरी ही धमकी बंद झाली पाहिजे. आजपासून.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "आम्हालाही लहानपणी बागुलबुवा दाखवलाच की, आमचं काय वाकडं झालं?" अहो, बागुलबुवा नसतो. बिबट्या असतो! डिंभे, माणिकडोह, येडगाव या धरणांचं पाणी आलं, ऊस आला, आणि वर्षभर उभ्या राहणाऱ्या त्या उसात बिबट्याला लपायला आणि पिल्लं वाढवायला जागा मिळाली. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र चालवावं लागतं, ते काही हौस म्हणून नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये आंबेगावशेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड परिसरात, बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले. त्यातली दोन मुलं होती. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक रस्ता अडवला होता. त्याच बिबट्याचं नाव आपण वरणभाताचा घास भरवायला वापरतो?

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. बारीकसारीक गोष्टीला अलार्म वाजवायचा नाही. डिस्क जरा भरली तरी अलार्म आणि सर्व्हर बंद पडला तरी तोच अलार्म, असं झालं की रात्री तीनला फोन वाजल्यावर माणूस कूस बदलून झोपतो. "लांडगा आला रे आला" ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. त्या गोष्टीत खोटं बोलतो तो पोरगा. आपल्या घरात खोटं बोलतात ती मोठी माणसं. दूध सांडलं, बिबट्या आला. चप्पल घातली नाही, बिबट्या आला. आज ना उद्या पोराच्या लक्षात येतं की हा कधीच येत नाही. मग संध्याकाळी अंगणातून आत ये म्हणून खरोखर जीव तोडून हाक मारली, तर त्यानं ती का ऐकावी?

दुसरं नुकसान याहून वाईट आहे. संकटात पोरानं धावत मोठ्या माणसाकडे यायला हवं. पण "देऊन टाकीन" म्हणणारी आत्या त्याच्या हिशेबात बिबट्याच्या पार्टीत गेलेली असते!

मान्य आहे, दहा माणसांचा स्वयंपाक आणि बाहेर कांद्याची काढणी चालू असताना तिला थयथयाट बघत बसायला वेळ नसतो. पण मग आपण काय करत असतो? ओसरीवर बसून चहा पीत असतो ना? आपलं पोर आपण सांभाळावं. या वयात राग आवरणारा मेंदूचा भाग पुरता तयार झालेला नसतो, आणि काय हवंय ते सांगायला शब्दही पुरत नाहीत. भूक, झोप, नवी जागा, एवढं कारण पुरतं. जवळ बसायचं, कमी बोलायचं, मागितलेली वस्तू द्यायची नसेल तर द्यायची नाही, आणि शांत झालं की जवळ घ्यायचं. बहुतेक वेळा काही मिनिटांत वादळ ओसरतं.

हे काही अमेरिकेहून आलेलं फॅड नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला, तेव्हापासून ही मंडळी भीती आणि मार यांच्याविरुद्ध सांगत आली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली. म्हणजे गुरुजींना जे चालत नाही ते ओसरीवर चालतं!

बिबट्याबद्दल मुलांशी बोलायचंच नाही, असं मी म्हणत नाही. उलट रोज बोला. "अंधार पडला की मोठ्यांचा हात धरूनच बाहेर जायचं." एवढंच वाक्य, न ओरडता, रोज त्याच शब्दांत. जेवणाशी, दुधाशी, चपलेशी त्याचा संबंध जोडायचा नाही. आणि हात धरायला माणूस हजर ठेवायचा, कारण नियम पाळण्याची खरी जबाबदारी तीन वर्षांच्या पोराची नसून आपली आहे.

असो. पुढच्या खेपेला गावी पोचलात की जेवायच्या आधीच घरच्यांशी हे बोलून घ्या. "शहरात जाऊन लई शहाणा झाला," असं ऐकावं लागेल. ऐकून घ्या, पण बोला.