दुव्यांची यादी आणि आळसाचा आरोप

महाजालावरील एखाद्या पानांत शें-दोनशें दुवे असावे, ते सर्व वहींत उतरून घेण्याचें काम विद्यार्थ्यास मिळावें, आणि त्यानें वीस ओळींची आज्ञावली लिहून तें क्षणांत उरकावें, यास आळस म्हणावें काय? कित्येक पालकांस तसें वाटतें. आमचें मत निराळें आहे.

सन १९८९ मध्यें टिम बर्नर्स-ली यांनीं जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेंत ज्या जाळ्याची योजना मांडली, त्यांतील पान म्हणजे खुणा घातलेला मजकूरच होय. दुव्यास ‘ए’ ही खूण असते व ‘एचरेफ’ या शब्दापुढें पत्ता असतो. पायथन भाषेंत खुणा वाचणारें साधन आयतें मिळतें. ‘ए’ दिसली कीं पत्ता टिपून ठेव, एवढेंच त्यास सांगावयाचें.

खरी कसोटी पुढें आहे. पुष्कळ पत्ते अपुरे असतात. पाकिटावर गांवाचें नांव न घालतां नुसतें ‘देवळामागें, दुसरें घर’ लिहावें, तसे. ते मूळ पानाच्या पत्त्याशीं जोडावे लागतात. कोणी घाईनें खुणा न वाचतां नुसता ‘एचरेफ’ शब्दच शोधतो. मग पानाच्या सजावटीच्या फायली यादींत शिरतात, आणि दुहेरी अवतरणचिन्ह गृहीत धरल्यामुळें एकेरी चिन्हांतील पत्ते निसटतात. जो मजकूर पान उघडल्यावर मागाहून भरला जातो, त्यांतील दुवे तर या साधनास दिसतच नाहींत. यादी मात्र नीटनेटकी दिसते, व मुलगा ती पूर्ण समजून गुरुजींपुढें ठेवितो! म्हणून यंत्राची यादी व डोळ्यांपुढील पान यांतील दहा दुवे तरी ताडून पाहिलेच पाहिजेत.

अलेक्झांडर क्रूडन यांनीं इंग्रजी बायबलांतील शब्दांची प्रचंड सूचि हातानें तयार करून सन १७३७ त छापविली, असें कोणी म्हणेल. खरें आहे, पण ते श्रम पुढील वाचकांचे श्रम वांचावे म्हणूनच नव्हते काय?

एक गोष्ट मात्र आम्ही कडकपणें सांगूं. एक पान मागविणें निराळें, आणि प्रत्येक दुव्यामागें धांवत परक्या संकेतस्थळावर हजारों मागण्यांचा भार टाकणें निराळें. आज्ञावलींनीं कोठें शिरूं नये हें सांगणारी ‘रोबॉट्स’ नांवाची फाईल ठेवण्याची चाल सन १९९४ पासून आहे. तिला कुलूप नसतें, ती केवळ विनंति असते. ती आधीं वाचावी, आणि दोन मागण्यांमध्यें कांहीं सेकंद थांबावें.

ज्यांस असें काम मिळेल त्यांनीं यादीसोबत आपली आज्ञावलीही जोडावी, म्हणजे एखादा दुवा कोणत्या ओळींत हरवला तें गुरुजींस दाखवितां येईल.