शहर ‘व्यक्ती’ ठरतं तेव्हा

दिवस गेल्यावर नोकरीवर कधीपर्यंत जायचं, हे कुणी ठरवायचं? त्या बाईने आणि तिच्या डॉक्टरने, असंच तुम्ही म्हणाल. न्यूयॉर्क शहराच्या समाजकल्याण खात्यात आणि शिक्षण मंडळात मात्र ते नियमाने ठरत असे. प्रकृती ठणठणीत असली तरी बिनपगारी रजेवर जायचंच! ऐन खर्चाच्या दिवसांत पगार बंद. १९७१ साली तिथल्या बायका कोर्टात गेल्या.

खटला चालू असतानाच नियम बदलला. पण बुडालेल्या पगाराचं काय? तो द्यायचा शहराच्या तिजोरीतून, आणि तिथेच घोडं अडलं. अमेरिकेचा १८७१ चा नागरी हक्कांचा कायदा सांगतो की, सरकारी अधिकाराच्या जोरावर जी ‘व्यक्ती’ दुसऱ्याचे हक्क हिरावून घेईल, तिने भरपाई द्यावी. आता शहर ही ‘व्यक्ती’ का? १९६१ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने ‘नाही’ म्हटलं होतं. शिकागोचे तेरा पोलीस पहाटे एका घरात घुसले, नवरा-बायकोला उघड्या अंगाने उभं केलं, घर उलथंपालथं केलं, अशी ती तक्रार होती. पोलिसांवर दावा लावा, शहरावर नको, असा तो न्याय! शिपायाच्या खिशातून किती निघणार, ते तुम्हाला सांगायला नको.

६ जून १९७८ रोजी कोर्टाने आपलाच तो निकाल फिरवला. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलेल्या या ‘मोनेल’ निकालात, सात विरुद्ध दोन मतांनी, शहरं आणि शिक्षण मंडळंही ‘व्यक्ती’ ठरली.

पण त्यात एक मेख आहे. नोकर चुकला म्हणून शहर आपोआप जबाबदार होत नाही. शहराच्या धोरणातून किंवा रुळलेल्या वहिवाटीतून अन्याय झाला, हे दाखवावं लागतं. गरोदर बायकांना घरी बसवणं हे तर उघड धोरणच होतं. पण एखाद्या पोलिसाने मारहाण केली, तर त्यामागचं धोरण सामान्य बाईने कुठून हुडकायचं? मला विचाराल तर ही अट जाचकच आहे, आणि ती अजून कायम आहे. १९८० साली ‘आम्ही चांगल्या हेतूनेच केलं’ ही शहरांची सबब कोर्टाने बंद केली, हे बरं झालं. राज्य सरकारं मात्र १९८९ च्या निकालाने सुटली. ती ‘व्यक्ती’ नाहीत म्हणे!

म्हणून तिथे शहरावर दावा लावायचा म्हटलं की आधी शोधाशोध होते ती कागदांची. ठराव कुणी केला, हुकूम कुणाच्या सहीचा, आणि असं याआधी किती जणींच्या बाबतीत घडलं.